माती-दगडी भिंतींची डागडुजी (बीड जिल्हा)

बीड जिल्ह्यातील जुन्या घरांत मातीत रचलेल्या दगडी भिंती आढळतात. त्यांना पडलेली भोके बुजवणे, भेगा भरणे व उखडलेला गिलावा पुन्हा लावणे या कामास डागडुजी म्हणतात. हे काम घरच्या घरी करता येते. मात्र भोक वरवरचे आहे की भिंतीच्या गाभ्यातील बिघाडाचे लक्षण आहे, हे आधी ओळखावे लागते.

रचना

अशा भिंतीत आतील व बाहेरील असे दगडांचे दोन दर्शनी थर असतात आणि मधल्या पोकळीत लहान दगड व माती भरलेली असते. वर लाकडी तुळया व त्यांवर मातीचा जाड थर असलेले सपाट छप्पर असते. त्यास माळवद किंवा धाबे म्हणतात. गिलाव्यासाठी व माळवदासाठी गावठाणातील पांढरी माती वापरली जाते. शेतजमिनीस ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हणण्याची मराठीतील रूढी प्रसिद्ध आहे. काळी माती भिजल्यावर फुगते व वाळल्यावर आकसून तडकते, म्हणून ती एकटी गिलाव्यास योग्य ठरत नाही.

बिघाडाची कारणे

माळवदातून झिरपणारे पाणी हे प्रमुख कारण होय. जोत्यालगत साचलेले पाणी भिंतीत वर चढते, तेथे लोणा लागतो व गिलावा सुटतो. घुशी व उंदीर भिंतीत बिळे करतात, तर वाळवी तुळयांची टोके पोखरते. कारण दूर न करता बुजवलेले भोक पुढील पावसाळ्यात पुन्हा उघडे पडण्याची शक्यता असते.

तपासणी

भिंतीवर हलके ठोकल्यास सुटलेल्या गिलाव्याचा पोकळ आवाज येतो. भिंतीचा सरळपणा ओळंब्याने पाहतात. भिंत मध्ये फुगली असेल, कोपऱ्यात उभी भेग आरपार गेली असेल किंवा तुळईचे टोक खचले असेल, तर गिलावा लावून ते झाकणे धोक्याचे असते. अशा वेळी खोली रिकामी करून, छताला टेकू देऊन जाणकार गवंडी किंवा अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी लागते.

दुरुस्तीची पद्धत

वरवरच्या भोकासाठी प्रथम सैल माती व गिलावा काढून कडा घट्ट भागापर्यंत मोकळ्या केल्या जातात. पांढऱ्या मातीत गव्हाचे भुसकट व थोडे शेण मिसळून गारा काही दिवस मुरवला जातो. भुसकटामुळे वाळताना पडणाऱ्या भेगा कमी होतात. गारा एका कोपऱ्यात थोडासा लावून पाहतात. तो वाळून तडकल्यास त्यात वाळू किंवा भुसकट वाढवतात. भोकाच्या कडा पाण्याने ओलावून खोल भागात दगडाच्या कपच्या व गारा दाबून बसवतात. त्यावर गिलाव्याचे पातळ थर देतात. आधीचा थर आवळल्याशिवाय पुढचा देत नाहीत. शेवटी पांढऱ्या मातीचा पोतेरा फिरवला जातो. हे काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण करणे इष्ट असते.

भोकावर सिमेंटचा गिलावा लावण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. सिमेंटचा कठीण थर मऊ मातीशी एकजीव होत नाही. शिवाय भिंतीतील ओल त्यामागे अडकते. त्यामुळे बाहेरून भिंत चांगली दिसत असली तरी आतील माती भुसभुशीत होत जाते.

भूकंपाचा अनुभव

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने या बांधणीतील दोष उघड केला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. भिंतींचे दोन थर एकमेकांना बांधलेले नसल्याने ते अलग होऊन कोसळले आणि माळवदाच्या मातीच्या भाराने हानी वाढली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात नव्या घरांबरोबर उभ्या राहिलेल्या घरांचे मजबुतीकरणही हाती घेण्यात आले.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३८२८ या मानकानुसार नव्या दगडी भिंतीत पूर्ण जाडीचे जोडदगड उंचीत दर ६०० मिलिमीटरला व आडवे १.२ मीटरपेक्षा अधिक अंतर न ठेवता बसवावे लागतात. जुन्या भिंतीत त्याऐवजी ठिकठिकाणी मुद्दाम आरपार भोक पाडून, त्यात आकडे वळवलेली लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरतात. त्यामुळे दोन्ही थर एकत्र बांधले जातात. हे काम भिंतीला हादरे न देता, एकेक दगड हलक्या हाताने काढून करावे लागते. त्याचबरोबर माळवदावरील जादा माती उतरवून भार कमी केला जातो. हे मजबुतीकरण घरगुती डागडुजीच्या कक्षेबाहेरचे असून ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केले जाते.