प्रयोगशाळेचे दार

सोनकच्छहून देवासमार्गे इंदूर फारसे दूर नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, यांचा जन्म त्याच इंदूरचा. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवी-परीक्षेत पहिल्या आल्या. तथापि बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सर रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर एक वर्षाच्या परीक्षेच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला, आणि त्यांचे काम पाहून इतर मुलींचीही वाट मोकळी झाली. पुढे वनस्पतींच्या पेशींत श्वसनास लागणारे ‘सायटोक्रोम सी’ असते, हे त्यांनी बटाट्यावरील अभ्यासातून दाखविले. १९३९ साली केंब्रिजने त्यांना डॉक्टरेट दिली. मायदेशी परतून त्यांनी नीरेतील पोषक द्रव्ये तपासली. एक दार बंदच राहते, तर एवढे ज्ञान आपणांस मुकले असते. म्हणून मुलीची गुणपत्रिका आधी वाचावी, मग दाराकडे हात न्यावा.