कायद्याच्या पदवीची निवड आणि प्रवेश परीक्षेच्या तयारीतील सातत्य : नंदिगड्डे (ता. जोयडा) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा हा जंगलांनी वेढलेला, विरळ वस्तीचा तालुका आहे. काळी नदीवरील सुपा धरणात जुने सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयडा येथे आले. नंदिगड्डे हे याच तालुक्यातील गाव. या परिसरात घरची बोली कोकणी, मराठी किंवा उर्दू, शाळेची भाषा कन्नड किंवा मराठी आणि उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजी, असा तिहेरी प्रवास विद्यार्थ्याला करावा लागतो. बारावीनंतर 'वकील व्हायचे आहे' असे सांगणारा मुलगा किंवा मुलगी शिक्षकांपुढे येते, तेव्हा नेमका कोणता अभ्यासक्रम, कोठे आणि कोणत्या परीक्षेने, याचे उत्तर बहुधा कोणाजवळच तयार नसते. मग विद्यार्थी ज्या परीक्षेचे नाव कानी पडले तिच्या मागे लागतो आणि एका अपयशानंतर कायद्याचा विचारच सोडून देतो.

या जिल्ह्याला कायद्याच्या शिक्षणाची परंपरा नाही असे नाही. जिल्हा १८६२ मध्ये मुंबई इलाख्यात आला. त्यानंतर होन्नावर येथे १८५५ मध्ये जन्मलेले नारायण गणेश चंदावरकर कायद्याची पदवी घेऊन १९०१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. परंतु जंगलभागातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यापर्यंत ही वाट पोहोचलेली नाही. ती त्याला कशी दाखवावी आणि तिच्यावर त्याला कसे टिकवावे, याचा विचार समुदाय महाविद्यालयातील शिक्षकांसाठी प्रस्तुत लेखात केला आहे.

पात्रता : आधी तपासावयाच्या गोष्टी

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदा शिक्षण नियमांनुसार कायद्याची पदवी दोन प्रकारे मिळते. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. पात्रता परीक्षेत सर्वसाधारण प्रवर्गासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गासाठी ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण अपेक्षित असतात.

समुदाय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक धोका विशेष लक्षात ठेवावा. दहावी-बारावीचा पाया नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी मिळविणारा विद्यार्थी या नियमांनुसार कायद्याच्या प्रवेशास पात्र ठरत नाही. शिक्षण मध्येच सुटलेला तरुण पूर्वतयारी अभ्यासक्रमाने बी. ए. होतो आणि नंतर एल.एल.बी.चा अर्ज नाकारला गेल्यावर त्याला हे कळते. त्याची तीन-चार वर्षे वाया जातात. बारावी बाहेरून दिलेल्या विद्यार्थ्याला मात्र ही अडचण येत नाही. म्हणून कायद्याचा विचार असलेल्या विद्यार्थ्याने बारावी टाळू नये, हा सल्ला त्याला पहिल्याच दिवशी मिळाला पाहिजे. पदविकेनंतर येणाऱ्याने आपली पात्रता संबंधित विद्यापीठाकडून लेखी घ्यावी.

कायद्याचा अभ्यासक्रम नियमित हजेरीचा असतो. साधारणपणे ७० टक्के उपस्थिती लागते. तो पत्राचारातून करता येत नाही. दिवसा नोकरी करून पदवी घेण्याची आशा दाखविणाऱ्या जाहिरातींपासून विद्यार्थ्यांना सावध करावे आणि महाविद्यालयास बार कौन्सिलची मान्यता आहे की नाही ते पाहावे.

पाच की तीन वर्षे, हा निर्णय घरच्या स्थितीवरून व्हावा. एकात्मिक अभ्यासक्रमात एक वर्ष वाचते. मात्र सतराव्या-अठराव्या वर्षी घरापासून दूर जावे लागते. जवळच्या महाविद्यालयात बी. ए. किंवा बी. कॉम. करून नंतर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेल्यास हाती एक पदवी राहते आणि विचार पक्का करायला अवधी मिळतो. मुलींच्या बाबतीत अनेक कुटुंबांना हा मार्ग अधिक पटतो. तो दुय्यम मानण्याचे कारण नाही. सनद दोन्हींची एकच असते.

तीन दारे

नंदिगड्डेच्या विद्यार्थ्यापुढे मुख्यतः तीन दारे आहेत.

(१) कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये. हुबळी येथील हे विद्यापीठ २००९ मध्ये स्थापन झाले. संलग्न महाविद्यालयांत प्रवेश प्रामुख्याने बारावीच्या किंवा पदवीच्या गुणांवर मिळतो. बेळगावचे राजा लखमगौडा कायदा महाविद्यालय १९३९ पासूनचे आहे. परीक्षेची उत्तरे इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहिता येतात. हल्याळ, दांडेली किंवा कारवारच्या न्यायालयात वकिली करू इच्छिणाऱ्याला हे दार सर्वांत सरळ आहे, कारण खालच्या न्यायालयांत कन्नडवाचून चालत नाही.

(२) क्लॅट. राष्ट्रीय कायदा विद्यापीठांसाठी ही सामाईक परीक्षा २००८ पासून होते. सध्या ती इंग्रजीतच असते. दोन तासांत १२० प्रश्न, बरोबर उत्तरास एक गुण आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, तार्किक विचार आणि दहावीच्या पातळीचे गणित असे पाच विभाग असतात. कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही. दिलेला उतारा वाचून तत्त्व लावता आले पाहिजे. या विद्यापीठांची फी वर्षाला काही लाखांच्या घरात जाते, म्हणून शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाची चौकशी अर्जापूर्वीच करावी. बंगळूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात कर्नाटकात दहा वर्षे शिकलेल्यांसाठी राखीव जागा आहेत. त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहून शाळेचे दाखले जमवून ठेवावेत.

(३) महाराष्ट्राची विधी सीईटी. ही परीक्षा २०१६ पासून होते, मराठीतूनही देता येते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. मराठी माध्यमात शिकलेल्यास ही मोठी सोय आहे. महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी स्वतंत्र प्रकार आहे. आपले गाव त्या यादीत येते का आणि त्या अभ्यासक्रमास तो लागू आहे का, हे अर्जाच्या वेळी तपासावे. मात्र पुणे-कोल्हापुरात शिकून परत येणाऱ्याने कन्नड सोडू नये.

ही तीन दारे वर्षातील वेगवेगळ्या वेळी उघडतात. अलीकडे क्लॅट डिसेंबरमध्ये होते, दुसऱ्या पीयूसीची परीक्षा मार्चच्या सुमारास, महाराष्ट्राची सीईटी त्यानंतर उन्हाळ्याच्या सुमारास आणि संलग्न महाविद्यालयांचे प्रवेश निकालानंतर. हे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असेल तर डिसेंबरमधील अपयश हा शेवट ठरत नाही.

उत्साह का ओसरतो ?

तयारी सुटण्याचे कारण आळस हे क्वचितच असते. ध्येय अंधुक असणे, प्रगती न दिसणे आणि एकटेपणा ही तीन कारणे अधिक खरी आहेत. शहरातील शिकवणी वर्गांच्या जाहिराती पाहून खेड्यातील विद्यार्थी आरंभीच खचतो. अशा वेळी प्रेरणादायी भाषणाचा परिणाम दोन दिवस टिकतो. टिकाऊ उपाय अभ्यासाच्या रचनेत शोधावा लागतो.

पहिला उपाय म्हणजे आठवून लिहिणे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. परंतु दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत, वाचून मग आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून वाचनाच्या प्रत्येक अर्ध्या तासानंतर पुस्तक मिटून दहा मिनिटे लिहावे. याला इंटरनेट लागत नाही आणि विद्यार्थ्याला आपली प्रगती डोळ्यांनी दिसते.

दुसरा उपाय चुकांची वही. गुण किती पडले यापेक्षा चूक कोठे झाली याची नोंद ठेवावी : शब्द कळला नाही, उतारा घाईत वाचला, तत्त्व चुकीचे लावले की अंदाज केला. महिन्याने वही चाळली की कोणती चूक कमी झाली ते कळते.

तिसरा उपाय म्हणजे भीतीचा हिशेब मांडणे. क्लॅटमध्ये चार पर्यायांचे १२ प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडविले तर सरासरीने तीन बरोबर व नऊ चूक, म्हणजे पाऊण गुण मिळतो. प्रत्येकी एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर चार बरोबर, आठ चूक आणि दोन गुण. दोन पर्याय बाद झाले तर साडेचार गुण. पूर्ण उत्तर न आले तरी अर्धे ज्ञान उपयोगी पडते, हे या आकड्यांवरून विद्यार्थ्याला पटते.

गावातील कायदा हेच अभ्यास-साहित्य

कायदेविषयक तर्काचा सराव परिसरातील प्रश्नांतून करून घेता येतो. २००६ चा वनहक्क कायदा जोयड्यात घरोघरी ऐकू येतो. उत्तर कन्नडमधील सिद्दी समाजाला २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. कुणबी, मुस्लिम आणि इतर अनेक कुटुंबे मात्र 'इतर पारंपरिक वननिवासी' या व्याख्येत येतात. यावरून शिक्षकाला पुढीलप्रमाणे प्रश्न तयार करता येईल.

तत्त्व : अनुसूचित जमातीच्या दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा व वनावरील अवलंबन दाखवावे. इतरांनी त्याशिवाय त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वास्तव्य दाखवावे.

तथ्ये : एक सिद्दी आणि एक बिगर-जमातीचे कुटुंब, दोन्ही १९५० पासून एकाच जंगलात राहून शेती करतात.

प्रश्न : कोणाचा दावा टिकेल ? २००५ पर्यंत ५५ वर्षेच होतात, म्हणून पहिल्याचा टिकेल, दुसऱ्याचा टिकणार नाही. आता तथ्य बदलावे : दुसऱ्या कुटुंबाचे आजोबा १९२५ पासून तेथे होते, असा पुरावा मिळाला. ८० वर्षे भरतात आणि उत्तर फिरते.

या नियमांखाली गावातील ज्येष्ठांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून मांडता येते, हे विद्यार्थ्याला कळते तेव्हा परीक्षेचा उतारा आणि आजीची आठवण यांचा संबंध जुळतो. 'मी हे कशासाठी शिकतो' या प्रश्नाचे उत्तर त्याला घरातच मिळते. सातत्याचा सर्वांत भक्कम आधार हाच आहे.

शिक्षकांनी करावयाच्या गोष्टी

• प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका कागदावर लिहून घ्यावे : पदवीनंतर कोठे व कोणते काम करायचे, घर किती खर्च सोसेल, कोणती भाषा पक्की आहे. दार त्यावरून ठरवावे.
• दोन-तीन विद्यार्थ्यांची जोडी लावून रोजची ठरलेली वेळ व जागा द्यावी.
• मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका छापून ठेवाव्यात. अनेक वाड्यांवर मोबाइलचे जाळे भरवशाचे नाही.
• रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्याचा सारांश आधी घरच्या भाषेत व मग इंग्रजीत लिहवून घ्यावा.
• जातीचे, उत्पन्नाचे व वास्तव्याचे दाखले अर्ज निघण्यापूर्वी नाडकचेरीतून काढून घ्यावेत.
• प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेला 'इडिया' हा उपक्रम वंचित घटकांतील मुलांना क्लॅटसाठी विनामूल्य मार्गदर्शन करतो. अशा उपक्रमांशी संपर्क ठेवावा.

पालकांनाही पुढचे चित्र स्पष्ट सांगावे. पदवीनंतर सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा असते. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार सनदीच्या नोंदणीसाठी सर्वसाधारण प्रवर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांहून अधिक शुल्क घेता येत नाही. मे २०२५ च्या निर्णयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली. म्हणजे कमाई उशिरा सुरू होते. हे लपविले तर विद्यार्थी वाटेत सुटतो.

समारोप

कायद्याच्या पदवीची निवड ही विद्यार्थ्याला पुढे कोठे उभे राहायचे आहे, यावरून व्हावी. परीक्षा त्यानंतर ठरते. ध्येय स्पष्ट, प्रगती दिसणारी आणि सोबत असलेली असेल तर तयारीत सातत्य राहते. नंदिगड्डेसारख्या गावातील एक विद्यार्थीही सनद घेऊन परतला, तर वनहक्काचा दावा, वारसाची नोंद किंवा पोटगीचा अर्ज घेऊन येणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत बोलणारा वकील जवळच मिळेल. तो घडविण्याची सुरुवात बारावीच्या वर्गातील एका नीट दिलेल्या सल्ल्यापासून होते.