जुन्या गाडीला नवं इंजिन: स्वस्त कुठलं पडतं?

अमेरिकेत साठच्या दशकातली गाडी घरच्या गॅरेजमध्ये जपणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांपुढे कधी ना कधी एकच प्रश्न उभा राहतो. इंजिन ऑइल खाऊ लागतं, मागून निळा धूर येतो, चढावर गाडी दमते. अशा वेळी एक तर जुनं इंजिन उतरवून बोअर करून घ्यायचं, नाही तर कारखान्यात तयार होऊन खोक्यात बंद होऊन येणारं ‘क्रेट इंजिन’ आणायचं. चांगला कारागीर जवळपास नसेल, ब्लॉकला तडा गेला असेल किंवा महिनोन्‌महिने थांबणं शक्य नसेल, तर दुसरा मार्ग शहाणपणाचा ठरतो.

कॅटलॉग उघडला की नजर आधी अश्वशक्तीवर जाते, मग किमतीवर. ती आधी जायला हवी आपल्या गाडीवर. नव्या इंजिनाभोवती जुन्या गाडीतलं जितकं सामान जसंच्या तसं वापरता येईल, तितकं ते इंजिन स्वस्त पडतं. खोक्यावरची किंमत ही खर्चाची फक्त सुरुवात असते.

१९६८ ची शेवरले शेवेल घेऊ. तिच्या साध्या व्ही-८ मॉडेलमध्ये ३०७ घनइंचांचं, २०० अश्वशक्तीचं इंजिन होतं. ऑटोमॅटिक घेतली तर दोन गिअरचा पॉवरग्लाइड मिळे, आणि डिस्क ब्रेकसाठी जादा पैसे भरले नसतील तर पुढेही ड्रम ब्रेकच.

एकाच घराण्यातलं इंजिन

३०७ हे शेवरलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ घराण्यातलं. शेवरलेचे तेव्हाचे मुख्य अभियंता एड कोल यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं या घराण्यातलं पहिलं इंजिन १९५५ च्या मॉडेलांत आलं, २६५ घनइंचांचं. पुढे १९६७ च्या कमॅरोत ३५० आलं, म्हणजे ५.७ लिटरचं. २०११ मध्ये जनरल मोटर्सने दहा कोटीवं स्मॉल ब्लॉक बनवलं. पहिल्या पिढीच्या या इंजिनांचा बाहेरचा साचा फारसा बदललाच नाही. त्यामुळे ३०७ जिथे बसलं होतं तिथे ३५० बसतं. माउंटिंग तीच आणि गिअरबॉक्स जोडायची भोकंही तीच. इतकी इंजिनं निघाल्यामुळे सुटे भाग मुबलक आणि परवडणारे मिळतात.

म्हणूनच शेवेलसाठी माझी पहिली पसंती बिडाच्या हेडच्या साध्या ३५० ला, अडीचशेच्या आसपास अश्वशक्तीच्या. अ‍ॅल्युमिनियम हेडची, साडेतीनशे-चारशे अश्वशक्तीची इंजिनंही मिळतात. पण ती ताकद सोसायला गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, रेडिएटर आणि ब्रेक असं सगळंच बदलत जावं लागतं. शिवाय १९६८ चा २०० हा आकडा ‘ग्रॉस’ आहे, म्हणजे गाडीतली जोडणी आणि सायलेन्सर न लावता मोजलेला. १९७२ पासून अमेरिकी कंपन्या कमी भरणारा ‘नेट’ आकडा देऊ लागल्या. कॅटलॉगमधला आकडा कसा मोजलाय, हे विचारल्याशिवाय तुलना करू नये.

अडतं ते छोट्या गोष्टींत

इंजिन बसतं म्हणजे सगळंच जुळतं असं नाही. १९८६ पासून क्रँकशाफ्टच्या मागचं ऑइल सील दोन तुकड्यांऐवजी अखंड आलं. त्याबरोबर क्रँकच्या मागच्या टोकावरचं बोल्टांचं वर्तुळ लहान झालं आणि तोल राखणारं थोडं वजन फ्लायव्हीलवर गेलं. बरीच क्रेट इंजिनं याच नव्या घडणीची असतात. तिथे जुनं फ्लायव्हील, किंवा ऑटोमॅटिकची फ्लेक्सप्लेट, बसत नाही. अ‍ॅडॉप्टर शोधत बसण्यापेक्षा १९८६ नंतरच्या ३५० ची नवी फ्लेक्सप्लेट इंजिनाबरोबरच मागवावी.

‘व्होर्टेक’ हेड उत्तम श्वास घेतात, पण त्यांचा इनटेक मॅनिफोल्ड आठ बोल्टांचा असतो. जुना बारा बोल्टांचा असल्याने तो बसत नाही. १९६८ पर्यंतचा वॉटर पंप आखूड, १९६९ पासूनचा लांब. पंप, पुली आणि ब्रॅकेट एकाच संचातले हवेत, नाही तर पट्टा सरळ रेषेत येत नाही. जुना यांत्रिक पेट्रोल पंप लावायचा असेल, तर नव्या ब्लॉकवर त्याची जागा आहे ना, हेही विचारून घ्यावं.

भंगारातल्या ट्रकचं नव्या पिढीचं ‘एलएस’ इंजिन स्वस्तात मिळतं, आणि ते खरोखर चांगलं आहे. पण त्याला संगणक आणि वेगळं वायरिंग लागतं. कार्ब्युरेटरला पाच-सहा पीएसआय दाबाने पेट्रोल पुरतं, इंजेक्शनला अठ्ठावन्नच्या आसपास दाब हवा, म्हणजे पंप आणि नळ्याही नव्या. माउंटिंग आणि ऑइल पॅनचा खर्च वेगळाच. ज्याला आपल्या हाताने हे सारं करायचंय त्याने जरूर करावं. कमी खर्चाची वाट म्हणून मात्र ती निवडू नये.

पहिली वीस मिनिटं

साध्या क्रेट इंजिनात बहुधा सपाट टॅपेटचा कॅमशाफ्ट असतो. सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून दांडा घालून ड्रिल मशीनने ऑइल पंप फिरवतात, रॉकरपर्यंत ऑइल चढलेलं डोळ्यांनी दिसेपर्यंत. मग इंजिन सुरू झालं की आयडलवर न सोडता सुमारे वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवायचं, म्हणजे कॅम आणि टॅपेट एकमेकांत नीट बसतात. हल्लीच्या बहुतेक ऑइलमध्ये झिंक कमी केलेलं असतं, त्यामुळे जास्त झिंकचं ऑइल वापरावं. इथे घाई केली तर नवा कॅम त्याच दिवशी खराब होतो, आणि वॉरंटी मागायला तोंड उरत नाही.

नियमही पाहावेत. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलांना धूर तपासणीतून सूट आहे. त्यापुढच्या गाडीला तिथे मान्यता असलेलंच इंजिन लागतं.

जुनं इंजिन मात्र विकू नये. ब्लॉकवर ठोकलेले आकडे गाडीशी जुळत असतील, तर संग्राहक त्याचे वेगळे पैसे मोजतात. सिलिंडरमध्ये ऑइल सोडून, भोकं बंद करून ते स्टँडवर ठेवावं. साध्या ३५० साठी गाडीत कुठेच कापाकापी झालेली नसते, त्यामुळे पुढे कधी ऐपत आणि चांगला कारागीर दोन्ही मिळाले, तर मूळ इंजिन जागेवर परत बसवता येतं. चारशे अश्वशक्तीच्या हौसेपायी गाडी कापून बसलेल्याला ही सोय राहत नाही, आणि साध्या इंजिनाच्या बाजूने मला हेच सगळ्यात मोठं कारण वाटतं.