जर्मन नोबेलविजेते : ऐकीव काय, खरं काय

आल्बर्ट आइनस्टाइन यांना सापेक्षता सिद्धांतासाठी नोबेल मिळालं, हे शाळेतल्या भाषणांपासून प्रश्नमंजूषांपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते खरं नाही. पारितोषिकाच्या अधिकृत कारणात सापेक्षतेचं नावही नाही. सैद्धांतिक भौतिकशास्त्रातलं योगदान आणि विशेषतः प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमाचा शोध, एवढंच तिथे लिहिलं आहे. निवड समितीतले अलवार गुलस्ट्रांड हे डोळ्याच्या प्रकाशशास्त्रातले मोठे संशोधक. त्यांना सापेक्षता पटत नव्हती. एकमत होईना, तेव्हा 1921 चं पारितोषिक राखून ठेवलं गेलं. पुढच्या वर्षी भौतिकशास्त्रज्ञ कार्ल ऊसेन यांनी प्रकाशविद्युत परिणामाचा मार्ग सुचवला आणि अडलेलं गाडं पुढे सरकलं. म्हणजे 1921 चं नोबेल जाहीर झालं नोव्हेंबर 1922 मध्ये. आइनस्टाइन तेव्हा जपानच्या दौऱ्यावर होते. त्यांच्या वतीने जर्मन राजदूताने ते स्वीकारलं, पण आइनस्टाइन 1901 पासून स्विस नागरिक असल्यामुळे विजेता नक्की कोणत्या देशाचा, यावर पत्रव्यवहार झडला. 1923 च्या जुलैत आइनस्टाइन गोटेबोर्गला व्याख्यानासाठी उभे राहिले आणि बोलले सापेक्षतेवरच.

फ्रिट्स हाबर यांच्याबद्दलचा समज जास्त कडवट आहे : विषारी वायू बनवणाऱ्याला नोबेल दिलं. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईपर इथे झालेल्या क्लोरीन हल्ल्यामागे हाबर होते, हे निर्विवाद आहे. मात्र 1918 चं रसायनशास्त्राचं पारितोषिक त्यांना हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्यासाठी मिळालं. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात युरियासाठी लागणारा अमोनिया आजही मुळात याच प्रक्रियेने बनतो. नोबेल एका ठरावीक कामाला मिळतं. ते चारित्र्याचा दाखला नसतं, म्हणून हाबरकडे पाहताना खत आणि वायू दोन्ही समोर ठेवावेत.

सगळ्यात जास्त गोंधळ नाझी काळाबद्दल आहे. ‘तेव्हा जर्मनांना नोबेल मिळालंच नाही’ असं काहीजण सांगतात, तर ‘जर्मन शास्त्रज्ञांनी ते बाणेदारपणे नाकारलं’ असं काहीजण. दोन्ही चुकीचं. पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की यांनी जर्मनीच्या छुप्या शस्त्रसज्जतेला वाचा फोडली होती. नाझींनी त्यांना छळछावणीत डांबलं. 1935 चं शांततेचं पारितोषिक त्यांना 1936 मध्ये जाहीर झालं, तेव्हा ते क्षयाने खंगलेले आणि पहाऱ्यात होते. चिडलेल्या हिटलरने जानेवारी 1937 मध्ये फर्मान काढलं की यापुढे कोणत्याही जर्मनाने नोबेल घ्यायचं नाही. ओसिएत्स्की 1938 च्या मे महिन्यात वारले.

तरीही 1939 मध्ये रिचर्ड कुन, आडोल्फ बुटेनांट आणि गेरहार्ड डोमाक या तिघांची नावं जाहीर झाली. डोमाक यांनी प्रॉन्टोसिल हे पहिलं सल्फा औषध शोधलं होतं. सुई टोचून जंतुसंसर्ग झालेली त्यांची स्वतःची मुलगीही त्याच औषधाने वाचली होती. निवडीबद्दल त्यांनी स्वीडनला आभाराचं पत्र पाठवलं आणि गेस्टापोने त्यांना उचललं. सुटका झाल्यावर नकाराच्या तयार पत्रावर त्यांची सही घेण्यात आली. युद्धानंतर तिघांना पदक आणि मानपत्र मिळालं, रक्कम मात्र मुदत उलटल्यामुळे कायमची गेली. म्हणून त्यांना नाझीविरोधी वीर ठरवू नये. बुटेनांट 1936 पासून नाझी पक्षाचे सदस्य होते.

याच काळातली एक गोष्ट दंतकथा वाटते, पण ती घडलेली आहे. माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांची सोन्याची पदकं कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत सांभाळायला ठेवली होती. जर्मनीबाहेर सोनं पाठवणं हा तेव्हा गंभीर गुन्हा होता आणि पदकांवर नावं कोरलेली होती. एप्रिल 1940 मध्ये जर्मन फौजा शहरात शिरल्या. पुरून ठेवली तर सापडतील, म्हणून संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी ती आम्लराजात टाकली. आपल्या शाळांत शिकवतात तेच, हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचं मिश्रण. सोनं सावकाश विरघळतं, त्यामुळे काम बराच वेळ चाललं. नारिंगी द्रावणाची बाटली फळीवर राहिली, झडतीत कुणाला संशय आला नाही. युद्धानंतर सोनं परत मिळवून स्टॉकहोमला पाठवलं आणि त्याच सोन्यातून पदकं पुन्हा घडवली गेली.

साहित्याकडे वळलं, तर हे पारितोषिक फक्त कवी-कादंबरीकारांचं हा समज पहिल्याच जर्मन विजेत्यापाशी मोडतो. 1902 चे विजेते थिओडोर मोमझेन हे रोमचे इतिहासकार होते. टोमास मान यांना 1929 मध्ये सन्मान मिळाला तो मुख्यतः 1901 मधल्या ‘बुडेनब्रोक्स’साठी. त्याआधी पाचच वर्षं आलेल्या ‘द मॅजिक माउंटन’ला मानपत्रात जागा नाही. ‘सिद्धार्थ’मुळे आपल्याला जवळचे वाटणारे हर्मन हेसे 1946 मध्ये जिंकले, तेव्हा त्यांना स्विस नागरिक होऊन बावीस वर्षं झाली होती. त्यांचे आजोबा हर्मन गुंडर्ट मलयाळमचे कोशकार आणि आई केरळात जन्मलेली. तरी 1911 च्या पूर्वेच्या प्रवासात ते श्रीलंका आणि सुमात्रापर्यंत गेले, भारताच्या मुख्य भूमीवर पोचले नाहीत.

अलीकडचा गैरसमज कोविडच्या लशीचा. माइन्झच्या बायोएनटेकचे उगुर शाहिन आणि ओझलेम ट्युरेजी यांना नोबेल मिळालं, असं अनेकांना वाटतं. 2023 चं वैद्यकशास्त्राचं पारितोषिक कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना मिळालं, तेही अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात केलेल्या मूलभूत संशोधनासाठी. त्यातला कळीचा निबंध 2005 सालचा. कारिको मूळच्या हंगेरीच्या. त्या बायोएनटेकमध्ये रुजू झाल्या 2013 मध्ये.