देवऋष्याच्या आधी

सातारा-सांगलीच्या एखाद्या खेड्यात सून रात्र-रात्र जागून भिंतीशी बोलू लागली, किंवा घरचा कर्ता मुलगा आठ दिवस न जेवता कोपऱ्यात बसून राहिला, तर घरातली पहिली शंका बाहेरच्या बाधेची असते. लागीर झालं, कुणीतरी करणी केली, देवाचं काही करायचं राहिलं. मग देवऋषी, अंगारा, उतारा, अमावास्येच्या वाऱ्या. त्यात महिने जातात, कधी वर्षंही. डॉक्टरचा नंबर लागतो तो बहुधा पैसा आणि धीर दोन्ही संपल्यावर. 'येरवड्याला पाठवावं लागेल' हे शब्द त्याच्याही नंतरचे, जवळजवळ निरोपाचेच. या क्रमाला अडाणीपणाचं लेबल लावून मोकळं होणं सोपं आहे. पण देवऋषी गावातच असतो, अपरात्री दार उघडतो, घरच्या भाषेत बोलतो, आजाऱ्याला वेडा म्हणत नाही आणि दोष घरच्यांवर न टाकता भावकीवर ढकलतो (भावकीला तेवढंच एक काम उरतं). संकटातल्या कुटुंबाला जे जे हवं असतं, ते सगळं त्याच्यापाशी असतं. नसतो तो उपचार. ज्याच्याकडे उपचार आहे, त्याच्याकडे नेमक्या बाकीच्या गोष्टी नसतात. ही फट बुजवण्याचं काम साताऱ्याची 'परिवर्तन' संस्था आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे 'मानसमित्र' करतात. माझ्या मते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीनं आजवर हाती घेतलेलं हे सर्वांत निकडीचं काम आहे, आणि त्याकडे तिचा जोडधंदा म्हणून पाहणं चूक आहे.

समितीची स्थापना १९८९ची. तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. कॉलेजचं शिक्षण सांगलीत, वैद्यकीय शिक्षण मिरजेच्या सरकारी महाविद्यालयात. समितीचं 'अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र'ही वर्षानुवर्षं सांगलीतूनच निघत आलं. म्हणजे या चळवळीचा पाया याच दोन जिल्ह्यांतला. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधून ठेवणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं या गोष्टी त्याच्या अनुसूचीत अगदी पहिल्या कलमातच आल्या आहेत. ती यादी नीट वाचली तर लक्षात येतं की हे अत्याचार ज्यांच्यावर होतात त्यांतले कितीतरी जण मनाने आजारी असतात. मांत्रिकावर गुन्हा दाखल झाला, त्याचं दार बंद झालं, कार्यकर्ते परतले; त्या रात्री त्याच्याकडे आणलेली आजारी बाई कुठे जाते? एक दार बंद करणाऱ्यावर दुसरं उघडून देण्याचं ऋण चढतं. दाभोलकरांनीच उभी केलेली 'परिवर्तन' आधी व्यसनमुक्तीत उतरली. दारू सोडवण्यापेक्षा सुटलेली दारू सुटलेली ठेवणं अवघड, आणि ते घरच्यांना बरोबर घेतल्याशिवाय होत नाही, हा त्या क्षेत्राचा धडा मानसिक आरोग्याच्या कामाला थेट उपयोगी पडणारा आहे. साताऱ्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करणारे डॉ. हमीद दाभोलकर आणि त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने समितीचे कार्यकर्ते मनोविकारांची प्राथमिक ओळख आणि समुपदेशनाची तंत्रं शिकू लागले. त्यांनाच मानसमित्र म्हणतात. २०२०च्या टाळेबंदीत फोनवरून भावनिक आधार देण्याचं कामही त्यांनी केलं.

मानसमित्र म्हणजे अर्धा डॉक्टर नव्हे. तो निदान करत नाही, गोळी देत नाही. मानसिक प्रथमोपचार म्हणून जे ओळखलं जातं, त्यात आधी ऐकून घेणं येतं, आणि 'असं काही मनात आणू नकोस' हे वाक्य गिळून टाकणंही येतं. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारायचं असतं. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती सार्वत्रिक आहे, पण संशोधनाचा तिला आधार नाही. माणसाला त्या रात्री एकटं सोडायचं नाही. घरातलं औषध, म्हणजे द्राक्षबागेवर किंवा उसावर फवारायचं औषध, त्याच्या हाती लागणार नाही असं करायचं. आपल्या भाषेत त्या विषालाही 'औषध' म्हणतात. 'औषध प्यायला' एवढं म्हटलं की तासगाव काय नि खटाव काय, सगळ्यांना कळतं. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण श्रीलंकेचा अनुभव पाहा. तिथे अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढच्या दोन दशकांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. देशातली दुःखं काही त्या मानाने कमी झाली नव्हती. मरणाची ऊर्मी अनेकदा काही तासांची असते, आणि तेवढे तास निभावून नेणारं कुणीतरी जवळ असावं लागतं. महाराष्ट्रात २०२२ साली २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त.

पहिला आक्षेप डॉक्टरांकडूनच येतो: मन ही नाजूक गोष्ट, चार दिवसांच्या शिबिरात शिकलेल्यांच्या हाती ती कशी द्यायची? आक्षेप खरा आहे, पण हिशेबापुढे टिकत नाही. २०११च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ५८ लाखांवर होती. देशात लाख लोकांमागे जेमतेम पाऊण मनोविकारतज्ज्ञ आहे. त्या प्रमाणात इथे चाळीस-पंचेचाळीस जण येतात, आणि तेही शहरांत दाटलेले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार (२०१५-१६) दर शंभर प्रौढांत दहाहून अधिकांना कोणता ना कोणता मानसिक त्रास होता. तेव्हा निवड तज्ज्ञ की मित्र अशी नाहीच. मित्र की देवऋषी अशी आहे. शिवाय शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांचं काम मोजून पाहिलेलं आहे. गोव्यात 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशा समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांची लक्षणं ओसरली. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. अमरावतीच्या तीस गावांत याच धर्तीवर काम झालं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे शंभरात चारांवरून सत्तावीसवर गेले. सांगलीला तर ही रीत मुळीच परकी नाही. १९९२पासून काम करणाऱ्या 'संग्राम' संस्थेने आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने एचआयव्हीच्या काळात गोकुळनगर वस्तीतल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच कार्यकर्त्या केलं होतं. मात्र एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. हे पुरावे मुख्यतः नैराश्याचे आहेत. भास होणाऱ्या, हिंसक झालेल्या किंवा अन्नपाणी सोडलेल्या माणसाला मैत्री पुरत नाही. तिथे मानसमित्राची कसोटी एवढीच, की तो किती लवकर रुग्णालयाची वाट धरायला लावतो.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूचा. मांढरदेवच्या देवस्थानात अंगात येऊन घुमणारी बाई घुमून झाल्यावर मोकळी होते; घरात जिचं कुणी ऐकत नाही, तिच्यापुढे त्या दिवशी सासूसुद्धा हात जोडते. तो निचरा हिरावून घेणारे तुम्ही कोण? या प्रश्नात तथ्य आहे, आणि चळवळीतल्या काहींनी पूर्वी तो फारच झटकून टाकला असं मला वाटतं. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुवा' नावाने मुजावरांनाच सोबत घेतलं गेलं; दुवा चालू राहिली आणि शेजारी दवाही मिळू लागली. आपल्या देवस्थानांत असं करायला काय हरकत आहे? श्रद्धेशी भांडण नको, साखळीशी हवं. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१च्या आगीत साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले, कारण त्यांना पळता येत नव्हतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी साखळी देशभर बेकायदा ठरवली आहे.

याच कायद्यापाशी तिसरा आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. स्वयंसेवक धावतात म्हणून सरकार बसून राहतं. कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या प्रयोगावरून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ सालीच सुरू झाला. नव्या कायद्याने उपचार हा हक्क केला. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देऊन चोवीस तासांत सरकारी आरोग्यसंस्थेत नेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं. कागद भक्कम आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयं मात्र राज्यात चारच, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. या दोन जिल्ह्यांत एकही नाही. मोठं रुग्णालय गावोगाव हवं असं मी म्हणत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात ठरल्या वारी तज्ज्ञ आणि रोज गोळ्या मिळाल्या, तरी मानसमित्राच्या हाताला बळ येईल. आज तो रुग्णाला दारापर्यंत आणतो आणि पुष्कळदा दार बंद सापडतं. सरकारला सूट मिळते ती स्वयंसेवक आहेत म्हणून नव्हे. दार बंद असल्याचा आवाज गावाबाहेर जात नाही म्हणून. जोडून देण्याइतकंच, कुठे जोडता आलं नाही याची नोंद ठेवून ती जिल्हाधिकाऱ्यांपुढे मांडणं, हेही या कामाचं अंग व्हायला हवं.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली आणि ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं बुडाली. जुलै २०२१मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाववर डोंगर कोसळला. अशा वेळी पंचनामा घराचा होतो, जनावरांचा होतो. झोप उडालेल्या माणसांचा होत नाही. तो करू शकेल असं माणूस आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी यांच्यात प्रत्येक गावात आधीच आहे. त्यांना शिकवायला 'परिवर्तन'सारख्या संस्था आहेत, आणि मागे टेकू म्हणून १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू झालेली 'टेली-मानस' ही सरकारी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रुग्णवाहिकेचा १०८ रंगवलेला असतो. त्याखाली हेही पाच आकडे रंगवून घ्या.