जळण, धूर आणि तिवर
चौकट : करावे गावातली चूल

• गाव : नवी मुंबईत नेरूळच्या खाडीकाठचं आगरी-कोळी गावठाण. कोकणपट्टीत घर उबवायला लाकूड जाळत नाहीत. जळण लागतं ते चुलीला आणि आंघोळीच्या पाण्याला.

• तिवर : कांदळवनातलं झाड, खाडीकाठचं जुनं सरपण. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यात कांदळवन तोडायला मनाई केली. भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामही बंद. अंतिम निकाल सप्टेंबर २०१८. राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२पासून.

• वादाचा मुद्दा (लाकूड जाळल्याने हवेत कार्बन वाढतो का) : तोडलेल्या जागी झाड पुन्हा वाढलं, तर जळताना सुटलेला कार्बन ते परत शोषतं. त्याला वर्षं लागतात. धूर मात्र लगेच. कांदळवनाच्या चिखलातही कार्बन साठलेला असतो, तो या हिशेबात बहुधा सुटतो.

• धूर : त्यातले पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. वार्षिक सरासरीची मर्यादा, दर घनमीटर हवेत : भारत ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटना (२०२१) ५. ओलं लाकूड अधिक धुरकटतं.

• गॅस : खनिज इंधन, पण धूर नगण्य. गॅसजोडणीची उज्ज्वला योजना १ मे २०१६पासून.