नकाशांचे क्लिअरिंग हाऊस

बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला कागदावर विश्वास ठेवायची खोड लागते. सही जुळली, शिक्का दिसला, जावक क्रमांक असला की कागद खरा. समोर माणूस उभा राहून काही सांगत असला तरी आपली नजर कागदावर. १९९५ च्या उन्हाळ्यात एका खेडेगावातल्या शाखेत मी मॅनेजर होतो, तेव्हा असाच दोन नकाशांकडे बघत बसलो होतो आणि टेबलापलीकडे आबा उभे होते.

आबांना विहिरीसाठी कर्ज हवे होते. साडेतीन एकर कोरडवाहू जमीन, दोन मुलगे, एक बैलजोडी. माणूस व्यवहाराला चोख. अडचण निराळीच होती. १९९३ मध्ये राज्यात भूजलाचा कायदा झाला होता. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खणायची नाही, असे त्यात होते. कायदा योग्यच होता. पण अंतर मोजायचे कशावर? गावची विहीर एका कचेरीतून आलेल्या टोपोशीटवर दाखवलेली. आबांची जागा गावनकाशावर, गट नंबरात, तांबड्या पेन्सिलीने. टोपोशीटवर जमिनीवरचे ५०० मीटर म्हणजे कागदावर जेमतेम एक सेंटिमीटर. पेन्सिलीचे टिंब एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाले की ५० मीटरचा फरक. कुणीतरी गावनकाशावरचे टिंब अंदाजाने टोपोशीटवर नेले, तेव्हा अंतर भरले ४६०. दुसऱ्या कुणी उलटे केले, गावची विहीर गावनकाशावर आणली, तर ५४०.

आबा म्हणाले, "साहेब, चला की. दोरी घेऊन मोजू."

मी गेलो नाही. फायलीला दाखला हवा होता, दोरी नव्हे. दोन आकड्यांपैकी ज्यात माझी मान अडकणार नाही तो मी धरला आणि प्रकरण परत पाठवले. परवानगीची खटपट करायला आबांना ना वेळ होता ना ओळख. त्यांनी बाहेरून पैसे उचलले आणि विहीर खणली. पाणी लागले. पण चार वर्षांत त्या पैशांपायी एक एकर गेली. मला हे बदली झाल्यावर कळले.

ही गोष्ट मी माझ्या कुठल्याच कादंबरीत घातलेली नाही. गेल्या दिवाळीत भाचीला सांगितली. ती पुण्यात एका कंपनीत संगणकावरच्या नकाशांचे काम करते. सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "मामा, दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर असतील रे. पण एकावरचं टिंब दुसऱ्यावर कसं न्यायचं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं." मग तिने मला तिच्या धंद्यातल्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्या ऐकताना मला सारखे वाटत होते, अरे, हे तर आमचे क्लिअरिंग!

आधी ते दोन नकाशे. आपले गावनकाशे साखळीने मोजून झालेले. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. हिशेब सुरेख. पण हा नकाशा गावापुरता. बांध, नाला, शिवेचे दगड यांची एकमेकांशी असलेली नाती तो सांगतो. पृथ्वीच्या पाठीवर हे गाव नेमके कुठे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. टोपोशीटचा वंश वेगळा. १८०२ मध्ये लॅम्बटनने मद्रासेजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांचे जाळे विणायला घेतले, ते पुढे एव्हरेस्टने नेले. पृथ्वी पूर्ण गोल नाही, किंचित दबलेली आहे. ती किती दबलेली याचे एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडलेले गणित भारताच्या नकाशांनी दीड शतकाहून अधिक वापरले. ते गणित आपल्या भूमीला बेतून शिवलेले. उपग्रहांवरून जागा सांगणारी जीपीएस मात्र अख्ख्या पृथ्वीला बसेल असे १९८४ चे गणित वापरते. त्यामुळे एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन गणितांनी दोन निघतात. आपल्या महाराष्ट्रात हा फरक शंभर मीटरच्या पुढे जातो. जुन्या शीटवरचे आकडे वाचून मोबाइल घेऊन विहीर शोधायला निघालात, तर दुसऱ्याच्याच उसात शिराल.

असे आपल्याकडेच होते असे समजू नका. ऱ्हाईन नदीच्या दोन काठांवर लाउफेनबुर्ग याच नावाची दोन गावे आहेत, एक जर्मनीत, एक स्वित्झर्लंडमध्ये. २००३ च्या सुमारास दोहोंना जोडणारा नवा पूल बांधायला घेतला. उंची समुद्रसपाटीपासून मोजतात हे शाळेत शिकलो. पण कुठल्या समुद्राच्या? जर्मनांची सपाटी ॲमस्टरडॅमची, उत्तर समुद्राची. स्विस लोकांची मार्सेची, भूमध्य समुद्राची. दोन्हींत २७ सेंटिमीटरचा फरक. तो अभियंत्यांना ठाऊक होता, त्यांनी तो हिशेबात धरलाही. फक्त अधिकच्या जागी उणे केले. फरक मिटण्याऐवजी दुप्पट झाला, ५४ सेंटिमीटर! जर्मन बाजू मग खाली घ्यावी लागली. जमेची नोंद नावे टाकली की तफावत दुप्पट दिसते, हे आमचा कुठलाही कॅशियर सांगेल. तफावतीला दोनाने भागून तेवढ्या रकमेची नोंद शोधायची, ही बँकेतली जुनी युक्ती.

संगणक आल्यावर हे सुटेल असे वाटले होते. आधी ते वाढले. प्रत्येक कंपनीने नकाशा साठवायची आपली रीत काढली आणि कुलूप लावून ठेवली. रस्ते खात्याचा नकाशा एका कंपनीच्या प्रणालीत, जंगल खात्याचा दुसरीच्या. एकमेकांचे उघडायचे तर दुभाष्या हवा, आणि दुभाष्या प्रत्येक फेरीत थोडे गाळतो. यातले एक लोकप्रिय फाइलस्वरूप तर रकान्याच्या नावाला दहाच अक्षरांची जागा देते. अकरावे अक्षर छाटले जाते. त्यात आपली मराठी. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण ज्या फॉण्टांत टंकन केले, त्यांत एका यंत्रावरचे 'पिंपळगाव' दुसऱ्यावर निव्वळ रांगोळी होऊन दिसे.

आता क्लिअरिंगकडे येतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला चेक हाताने निवडत. प्रत्येक बँकेचा चेक वेगळ्या आकाराचा, तपशील वेगळ्या जागी. १९८० च्या दशकात एमआयसीआर आले. चेकच्या तळाशी चुंबकीय शाईची एक ओळ, तीत शहर, बँक आणि शाखा यांचे तीन-तीन आकडे. बाकी चेकचा रंग कुठलाही ठेवा, लेजर हवे तसे लिहा, खातेदाराला हवे ते व्याज द्या. फक्त ही ओळ सर्वांनी सारखी छापायची. एवढ्या एका करारावर एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या बँका रोज एकमेकींचे कागद वाचू लागल्या.

नकाशांच्या जगात ही ओळ आखायचे काम १९९४ मध्ये सुरू झाले. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांच्या एका प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात 'ग्रास' नावाची नकाशाप्रणाली घडली होती आणि ती सर्वांना खुली होती. तिच्याभोवती जमलेल्या मंडळींतून 'ओपन जीआयएस कन्सॉर्शियम' ही संस्था निघाली. २००४ पासून तिचे नाव ओपन जिओस्पॅशियल कन्सॉर्शियम, ओजीसी. कंपन्या, सरकारी खाती, विद्यापीठे एका टेबलाशी. त्याच १९९४ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी एक आदेश काढला. सरकारी खात्यांनी आपल्याकडे कुठली भौगोलिक माहिती आहे ते एका समाईक जाळ्यावर नोंदवायचे होते. त्या जाळ्याला आदेशात नाव काय दिले असेल? 'क्लिअरिंग हाऊस'! भाचीने हे सांगितले तेव्हा मी चकलीचा घाणा सोडून उठलो.

ओजीसीने २००० मध्ये जो मोठा करार काढला, वेब मॅप सर्व्हिस, तो मला काउंटरवरच्या संभाषणासारखा वाटला. कुठल्याही नकाशाघराला तीन प्रश्न, ठरल्या शब्दांत. तुझ्याकडे काय काय आहे? मला या चौकोनातला नकाशा दे. आणि या टिंबावर काय आहे ते सांग. पहिला प्रश्न फार महत्त्वाचा. त्याच्या उत्तरात नकाशाघराला आपण कुठल्या गणिताने मोजतो हेही सांगावे लागते. त्या गणितांनाही आता क्रमांक आहेत. ती यादी मुळात युरोपातल्या तेलकंपन्यांच्या मोजणीदारांनी स्वतःच्या सोयीसाठी केली. समुद्रात विंधन चुकीच्या जागी घेणे परवडत नाही, त्या गरजेपोटी. आत कपाट कुणाचे, कुलूप कुठल्या कंपनीचे, याची विचारणाऱ्याला गरज नाही. इस्रोचे 'भुवन' २००९ मध्ये सुरू झाले, तेही या तीन प्रश्नांना उत्तरे देते. तिथला थर आणि आपल्या खात्याचा थर एकावर एक ठेवता येतात. आबांच्या दोन कागदांना तेवढेच हवे होते.

करार झाला म्हणजे भांडणे संपली असे नाही. अक्षांश आधी की रेखांश आधी, यावर ही मंडळी वर्षानुवर्षे वाद घालत आहेत. पुण्याचे अक्षांश साडेअठरा, रेखांश पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास. अदलाबदल करा; शनिवारवाडा नॉर्वेच्याही उत्तरेला थंडगार समुद्रात जातो. वेब मॅप सर्व्हिसच्या एका आवृत्तीत रेखांश आधी होता, पुढच्या आवृत्तीत तो नंतर गेला. २००८ मध्ये काही प्रोग्रॅमरांनी समितीबाहेर, आपापसांत ठरवून जिओजेसन नावाची सुटसुटीत रीत काढली, तिच्यात रेखांश पुन्हा आधी. ती इतकी पसरली की २०१६ मध्ये इंटरनेटच्या प्रमाणांत तिची रीतसर नोंद झाली. माझे मत विचाराल तर समित्यांचे मसुदे वाचवत नाहीत, पण समिती नसती तर हे वाद कुठे घालायचे हेही ठरले नसते.

इथे एक शंका घरोघर येते, बहिणीनेही विचारली. खुले म्हणजे आमच्या शेताचा नकाशा कुणालाही? खुला असतो तो करार. एमआयसीआरची ओळ कशी वाचायची हे जगजाहीर आहे, म्हणून तुमची शिल्लक जगजाहीर होत नाही. नकाशा कुणाला दाखवायचा हा वेगळा निर्णय, आणि आपले सरकार त्याबाबतीत फार काळ हात आखडून होते. २००५ च्या धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या, एक संरक्षणासाठी आणि एक लोकांसाठी, आणि लोकांच्या मालिकेला १९८४ चे जागतिक गणित दिले. १५ फेब्रुवारी २०२१ ला नियम बरेच सैल झाले. त्याच वर्षी जमिनीच्या तुकड्याला १४ अंकाक्षरांचा 'भू-आधार' देण्याची योजना आली. तो क्रमांक तुकड्याच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढायचा, ओजीसीच्या प्रमाणांना धरून. साखळीचा नकाशा आणि उपग्रहाचे आकडे जुळवायचे म्हणजे किती बांध, किती भाऊबंदकी मध्ये येणार, याचा अंदाज ज्याने एकदा तरी मोजणीची तारीख गाठली आहे त्याला असेल. एका वर्षात उरकायचे हे काम नव्हे.

दिवाळीनंतर भाची म्हणाली, "चल मामा, बघून येऊ." तीस वर्षांनी त्या गावात गेलो. आबा गेले त्यालाही दहा वर्षे झाली. थोरल्या मुलाने ओळखले, चहा ठेवला. मी कशाला आलो ते सांगताना शब्द जुळेनात. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब, तुमच्या हातात काय होतं?" दोरी होती, असे मी म्हणालो नाही.

भाचीने गावच्या जुन्या विहिरीपाशी उभे राहून मोबाइलवर टिंब घेतले. मग आम्ही बांधाबांधाने आबांच्या विहिरीवर गेलो, तिथे दुसरे घेतले. दोन्ही एकाच गणितातली. अंतर आले ५२८ मीटर. "चार-पाच मीटर इकडे-तिकडे धर," ती म्हणाली. मी विहिरीत डोकावलो. तळाला पाणी होते, वर पारव्यांची घरटी.

मुलाने विचारले, "ताई, हे मला पाठवता येईल? माझा फोन निराळ्या कंपनीचा आहे." तिने पाठवले. त्याने उघडले. दोन्ही टिंबे त्याच्या नकाशावर आली, आणि दुसरे विहिरीच्या काठावर, आम्ही उभे होतो तिथेच पडले.